जमिनीवरचे कासव : बालवर्ग आणि आज्ञावली यांच्या नात्याचा इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठी रंगभूमी, सयाजीराव महाराजांचे राज्य अशा अनेक विषयांवर जाणकारांची भाषणे झाली. बालवर्गावर मात्र कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांनी आपली सारी हयात बालवर्ग शिकवण्यात घालवली, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. यंदा व्यवस्थापक मंडळाने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि मी हा विषय घेतला. मी स्वतः माध्यमिक वर्गांना गणित शिकवीत आले. बालवर्गाकडे वळले ती निवृत्तीनंतर, त्यामुळे या क्षेत्रातील अधिकारी म्हणून नव्हे, तर उशिरा आलेली विद्यार्थिनी म्हणून मी बोलणार आहे.

विषयाला निमित्तही घडले आहे. वडोदऱ्यातील मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत चालले असताना जे पालक अजून आपल्याकडे मुले घालतात, ते पालकसभेत एक प्रश्न हटकून विचारतात : आमच्या मुलांना कोडिंग केव्हापासून शिकवणार? मुले असतात चार वर्षांची. एका खाजगी कंपनीचा प्रस्तावही मंडळापुढे आलेला आहे. प्रत्येक मुलाच्या हाती टॅब, आठवड्याला दोन तास, फी वेगळी. पालकांच्या प्रश्नाची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. आपले मूल मागे पडू नये या काळजीतून तो येतो, आणि मातृभाषेची शाळा निवडलेल्या पालकांना ही काळजी दुप्पट असते. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी या गोष्टीचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण लहान मुलांना आज्ञावलीची ओळख करून देण्याचा विचार कालपरवाचा नाही, आणि त्याचा उगम पडद्यावर झालेला नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. इंग्रजीत ज्याला प्रोग्राम म्हणतात त्याला मराठीत ‘आज्ञावली’ हा शब्द रूढ झाला. मला तो मूळ शब्दाहूनही बरा वाटतो, कारण वस्तूचे वर्मच त्यात सांगितले आहे. आज्ञा करणारा एक, पाळणारा दुसरा, आणि आज्ञा ओळीने मांडलेल्या. पाळणाऱ्याला स्वतःची अक्कल नाही एवढी अट वर घातली की संगणकाची निम्मी ओळख झाली. दुसरा शब्द आपल्या जुन्या अंकगणितातला आहे : ‘रीत’. त्रैराशिकाची रीत, वर्गमूळ काढण्याची रीत. ठरलेल्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने केल्या की उत्तर येणारच, मग करणारा कोणीही असो. अल्गोरिदम म्हणतात तो हाच. या दोन्ही शब्दांत पडदा, विजेचा दिवा किंवा यंत्र कोठेही येत नाही, हे आपण लक्षात ठेवू.

आता जर्मनीत जाऊ. फ्रीडरिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ चा, थुरिंजियाच्या डोंगराळ मुलखातला. बालशिक्षणाचा आचार्य म्हणून आपण त्याला ओळखतो, पण १८१४ ते १८१६ या काळात तो बर्लिनमध्ये क्रिस्टियान साम्युएल वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात काम करीत होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. साध्या घटकांची ठरावीक नियमांनी मांडणी झाली की स्फटिकाचा गुंतागुंतीचा आकार सिद्ध होतो, हे त्याने तेथे रोज पाहिले. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. मुलांच्या खेळासाठी त्याने जी साधने तयार केली त्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसरी म्हणजे दोन इंचांचा एक घन, जो उभा, आडवा आणि खोल असा कापून आठ लहान घन केलेले आहेत.

या तिसऱ्या देणगीपाशी मला थोडे थांबायचे आहे. पेटी उपडी करून अलगद उचलायची, म्हणजे समोर अखंड घन उभा राहतो. मूल तो मोडते, आठ तुकड्यांची खुर्ची करते, जिना करते, विहिरीचा काठ करते, आणि खेळ संपला की तुकडे पुन्हा रचून अखंड घन पेटीत ठेवते. आधीची रचना एकदम ढासळून टाकायची नाही, एकेक तुकडा सरकवून तिच्यातूनच पुढची घडवायची, असा फ्रोबेलचा आग्रह होता. मोठ्या वस्तूचे भाग पाडणे, भागांचा क्रम लावणे, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत पायरीपायरीने जाणे आणि शेवटी आरंभाच्या स्थितीला परत येणे : आज्ञावली लिहिणारा मनुष्य दिवसभर याहून वेगळे काय करतो? फ्रोबेलला संगणकाची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याला त्या ठोकळ्यांत विश्वाची एकात्मता दिसत होती. परंतु हातांना जी सवय त्याने लावली ती हीच होती. अमेरिकेचे विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही साधने पाहून मुलाला आणून दिली, आणि त्या ठोकळ्यांचे ऋण राइट यांनी उतारवयापर्यंत मान्य केले.

या निरुपद्रवी माणसाच्या नशिबी काय आले पाहा. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण दिले नास्तिकतेच्या आणि समाजवादाच्या प्रसाराचे. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी सरकारी कचेरीने गल्लत केली असे म्हणतात. १८५२ मध्ये फ्रोबेल वारला, बंदी उठली १८६० मध्ये. चेंडूठोकळ्यांची राज्यकर्त्यांना भीती वाटावी हे मोठे नवल खरे, पण बालवर्ग गंभीरपणे घेणारी ती बहुधा शेवटची राजसत्ता असावी.

मारिया माँतेसरींविषयी या सभेत फार सांगण्याची आवश्यकता नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. आपल्या विषयाशी संबंध असलेली त्यांची एकच कल्पना सांगते. दहा भोकांचा लाकडी ठोकळा आणि त्यात बसणाऱ्या दहा दट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेली तर शेवटी एक दट्ट्या उरते, आणि ती कोठेच बसत नाही. शिक्षकाने ‘चुकले’ म्हणावे लागत नाही, वस्तूच ते सांगते. मग मूल मागे जाते आणि कोठे बिनसले ते शोधते. शिक्षकाच्या लाल शाईशिवाय चूक सापडणे आणि ती स्वतः दुरुस्त करणे, हा आज्ञावलीच्या कामाचा निम्म्याहून मोठा भाग आहे, हे त्या धंद्यातील कोणीही सांगेल.

यानंतर आपण अमेरिकेत येतो. सीमोर पेपर्ट हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणिती. १९५८ ते १९६३ अशी पाच वर्षे तो जिनिव्हात झाँ पियाजे यांच्याबरोबर होता. मूल ज्ञान बाहेरून घेत नाही, स्वतःच्या कृतीतून ते रचते, हा पियाजेंचा सिद्धान्त घेऊन तो मॅसॅच्युसेट्सला गेला. १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासमवेत त्याने ‘लोगो’ ही मुलांची संगणकभाषा तयार केली. संगणक तेव्हा खोलीभर पसरलेला असे आणि मुलांना त्याच्या जवळपास येऊ देणे हेच धाडस होते. थोड्याच वर्षांत लोगोला एक कासव मिळाले. हे कासव पडद्यावरचे नव्हते. जमिनीवर चालणारे, पोटाशी लेखणी धरलेले, घुमटासारख्या पाठीचे ते यंत्र होते. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा दिल्या की ते कागदावर रेघ ओढीत चाले.

पेपर्टचे खरे मर्म पुढेच आहे. कासवाकडून वर्तुळ काढून घ्यायचे आहे आणि मुलाला सुचत नाही, तर पेपर्ट म्हणे, तू स्वतः कासव हो. उठ आणि चालून पाहा. मूल चालते. एक पाऊल पुढे, किंचित वळण, पुन्हा एक पाऊल, पुन्हा किंचित वळण. परत जागेवर आले की आज्ञावली त्याला आपसूक कळलेली असते. मी गणिताच्या तासाला वर्तुळाची व्याख्या अनेक वर्षे फळ्यावर लिहिली, केंद्रबिंदूपासून समान अंतरावरील बिंदूंचा संच अशी. ती बरोबरच आहे. परंतु वर्तुळ असे पायांनी कळू शकते हे मला पेपर्टचे १९८० चे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक वाचून कळले.

लोगोत एक अडचण होती. आज्ञा टंकून द्याव्या लागत. तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरेच येत नाहीत, तो काय टंकणार? ही अडचण ज्या मुलीने सोडवली तिची हकीकत या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. रेडिया पर्लमन ही पेपर्टच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थिनी. १९७४ ते १९७६ च्या दरम्यान तिने बालवयातील मुलांसाठी दोन उपकरणे केली. पहिले बटणांचे. बटण दाबले की कासव चाले, वळे, भोंगा वाजवी. आकड्यांची पेटी जोडली की ‘तीनदा पुढे’ असे सांगता येई. आणखी एक पेटी जोडली की दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवून कासव त्या सगळ्या पुन्हा करून दाखवी. येथे मुले अडखळू लागली. यंत्राने काय लक्षात ठेवले आहे हे डोळ्यांना दिसत नव्हते, आणि जे दिसत नाही त्यातली चूक लहान मूल शोधणार कशी?

म्हणून पर्लमनने दुसरे उपकरण केले. प्लास्टिकच्या लांब रंगीत पट्ट्या, प्रत्येकीत ओळीने खाचा. मुलाने चित्रांची पत्ती खाचेत उभी करायची. ज्या क्रमाने पत्त्या लावल्या त्या क्रमाने कासव चालेल. चूक दिसली तर पत्ती उपटायची आणि दुसरी लावायची. आज्ञावली आता ओंजळीत मावणारी वस्तू झाली. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पट्ट्या लाल, निळ्या, पिवळ्या अशा होत्या आणि पत्त्यांतही त्या त्या रंगाची एकेक पत्ती होती. लाल पट्टीत निळी पत्ती लावली की कासव निळ्या पट्टीतील सगळी कामे उरकून मग लाल पट्टीकडे परते. आणि लाल पट्टीत लालच पत्ती लावली तर? ती ओळ स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावीत राहते. महाविद्यालयातील विद्यार्थी ज्या संकल्पनेशी वर्षभर झटापट करतात ती अक्षरशत्रू मुलांच्या हाती एका रंगीत पत्तीने आणून दिली होती.

आणि हे काम तेथेच थांबले. पर्लमन दुसऱ्या क्षेत्रात गेली. १९८५ मध्ये तिने संगणकांच्या जाळ्यांसाठी जी रीत शोधली तिच्यावर जगभरातील जाळी उभी राहिली. तिची कीर्ती त्या कामाची आहे. बालकांचे काम का सोडले याविषयी तिने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आसपास आपण एकटीच बाई होतो, शास्त्रज्ञ म्हणून लोकांनी आपल्याला गंभीरपणे घ्यावे अशी इच्छा होती, आणि आपल्या कामात गोजिरवाणी मुले आहेत याचा थोडा संकोच वाटे, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले. मॅसॅच्युसेट्सच्या अग्रगण्य तंत्रसंस्थेत जे घडले ते आपल्याकडे शिक्षकांच्या प्रत्येक खोलीत घडते. दहावीला शिकवणाऱ्याची खुर्ची पंख्याखाली असते आणि बालवर्गाच्या ताई दाराजवळ उभ्या असतात. एका संकोचामुळे हे क्षेत्र पंधरा-वीस वर्षे जवळपास ओस पडले. जपानमध्ये सुझुकी आणि कातो यांनी १९९० नंतर ठोकळ्यांची आज्ञावली पुन्हा हाती घेतली, तेव्हा कोठे ते जागे झाले.

मधल्या काळात लोगोचा गाजावाजा झाला आणि मग निराशाही झाली. लोगो शिकल्याने मुलांची एकंदर नियोजनशक्ती वाढते असा दावा होता. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लँड यांनी तपासून पाहिले, तर तशी वाढ त्यांना आढळली नाही. त्याच वर्षी डग्लस क्लेमेंट्स आणि डॉमिनिक गुलो यांना सहा वर्षांच्या मुलांत काही चांगले परिणाम दिसले. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही खरे असावे. मुलांना नुसते यंत्रापुढे बसवले तर फारसे घडत नाही. जाणता शिक्षक बाजूला असला, प्रश्न विचारीत राहिला, तर घडते. यंत्र विकणाऱ्याच्या पत्रकात हे वाक्य सापडणार नाही, कारण शिक्षक पेटीत भरून पाठवता येत नाही.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगते. न्यूझीलंडमधील टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासह १९९८ मध्ये संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ठिपक्यांच्या पत्त्यांवरून द्विमान अंक, अंगणात आखलेल्या रेषांवरून चालत जाऊन लहानमोठ्याचा क्रम लावणे, असे ते खेळ आहेत. बहुतेक खेळ सात वर्षांपुढच्या मुलांचे आहेत, बालवर्गाला जसेच्या तसे देऊ नयेत. २००६ मध्ये जॅनेट विंग यांच्या लेखाने या विचारपद्धतीला विद्यापीठांत प्रतिष्ठा मिळाली. २०१३ मध्ये डॅन शपीरो यांनी कासवांचाच एक पटावरचा खेळ काढला. त्यात मूल पत्त्या मांडते आणि घरातले मोठे माणूस संगणक होऊन मुकाट्याने कासव हलवते. आपल्या घरांतून आज्ञा कोणी करायची आणि कोणी पाळायची याचा जो रिवाज आहे, तो पाहता हा खेळ आजोबांना मुलांपेक्षा अवघड जाईल. अमेरिकेतच मरीना बर्स यांनी लाकडी ठोकळ्यांनी चालणारा, पडद्याचा मागमूस नसलेला ‘किबो’ हा यंत्रमानव घडवला. त्यांच्या गटाच्या २०१३ मधील अभ्यासात आठवडाभराच्या अशा कामानंतर बालवर्गातील मुले चित्रकथांचा क्रम अधिक चांगला लावू लागलेली दिसली. निष्कर्ष छोटा आहे, पण मला तो नेमका म्हणून विश्वसनीय वाटतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर गिजुभाई बधेका यांनी सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून तेथे आल्या. मोठ्या पदावरून बालवर्गात येणे, म्हणजे पर्लमनच्या नेमका उलटा प्रवास. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँतेसरींची लाकडी साधने महाग होती, ती खेड्यात पोचणे शक्य नव्हते. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे साधने कोणती? शंखशिंपले, बिया, पाने, फुले, खडे. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून आंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. सरकारने १९७५ मध्ये बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. बियांचे ढीग करणे, पानांचा लहानमोठेपणा लावणे, खडे-पान-खडे-पान अशी माळ पुढे चालवणे यांना कोसबाडला कोणी कोडिंग म्हटले नाही. वर्गीकरण, क्रम आणि पुनरावृत्ती मात्र तीच आहे.

आपल्या शहराचाही या गोष्टीशी संबंध आहे. १८९० मध्ये येथे कलाभवन निघाले तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी यंत्रविद्या आणि रसायन मातृभाषेतून शिकवण्याचा हट्ट धरला, त्यासाठी परिभाषा घडवली, पुस्तके लिहवून घेतली. तंत्रज्ञान शिकायचे म्हणजे भाषा सोडावी लागते ही समजूत याच गावात शतकापूर्वी खोडून काढलेली आहे. १९४९ मध्ये विश्वविद्यालय स्थापन झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि १९५० मध्ये गृहविज्ञानाची शाखा निघून बालविकास हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय झाला. टॅबच्या कंपनीने आपल्याला बालशिक्षणाची दिशा दाखवावी इतके आपण पोरके नाही.

गेली दोन वर्षे आपल्या बालवर्गात ताईंनी आणि मी मिळून काही खेळ करून पाहिले. त्यांतून जे दिसले ते सांगते. पहिला खेळ गोष्टीचा. उंदराला चिंधी सापडते, धोबी ती धुतो, रंगारी रंगवतो, शिंपी टोपी शिवतो, गोंडेवाला गोंडे लावतो, ही गोष्ट मुलांना पाठच असते. पाच चित्रे जमिनीवर टाकून क्रम लावायला सांगितला. तो लावल्यावर ताईंनी विचारले, उंदीर आधी गोंडेवाल्याकडे गेला असता तर? मुले खो खो हसली. टोपीच नाही तर गोंडे लावणार कशाला! मग विचारले, आधी शिंप्याकडे आणि नंतर रंगाऱ्याकडे गेला असता तर? यावर मात्र वाद झाला. एक मुलगी म्हणाली, चालेल की, टोपी रंगवता येते. काही पायऱ्यांची अदलाबदल चालते आणि काहींची चालत नाही, हा भेद तिच्या ध्यानात आला होता. माझ्या नववीच्या वर्गात समीकरण सोडवताना हा भेद न कळणारे पुष्कळ होते.

दुसरा खेळ ‘शिवाजी म्हणतो’. आपण सगळे तो खेळलो आहोत. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटले तरच हात वर करायचा, नुसते ‘हात वर’ म्हटले तर नाही. अट पुरी झाली तरच कृती. यात शिकवण्यासारखे काही नाही, फक्त खेळवायचे. तिसरा ठिपक्यांच्या रांगोळीचा. तीन ठिपके, तीन ओळी, आणि रेघेचा नियम एकच. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये दक्षिणेतील कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण संगणकशास्त्राच्या परिभाषेत मांडले, ही गोष्ट मी पालकसभेत सांगितली तेव्हा दोन आज्या ताठ बसल्या.

चौथा खेळ कासवाचा. फरशांवर एक मूल कासव होते. दुसरे बाणांच्या पत्त्या ओळीने मांडते. तिसरे त्या एकेक करून मोठ्याने वाचते आणि कासव तेवढेच करते, अधिक नाही. तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. ‘तीन घरे पुढे’ सांगितले की मूल उभे असलेले घर ‘एक’ म्हणून मोजते आणि एका घराने मागे राहते. ‘डावीकडे वळ’ म्हटले की जागच्या जागी वळण्याऐवजी डावीकडच्या घरात जाऊन उभे राहते, कारण वळणे आणि सरकणे हे त्याच्या मनात अजून वेगळे झालेले नाही. आणि कासवाचे तोंड आपल्याकडे असले की मांडणाऱ्याचा डावा-उजवा उलटतो. यावर ताईंनी शोधलेला उपाय असा, की कासवाच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधायचा आणि मांडणाऱ्याने अडल्यास उठून कासवाच्या मागे जाऊन उभे राहायचे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून दिशा पाहणे या वयात सोपे नसते. टॅबवर हाच खेळ आहे, पण तेथे उठून कोणाच्या मागे जाऊन उभे राहता येत नाही. कासव चुकीच्या घरात गेले तर ओरडायचे नाही, ‘कोणती पत्ती?’ एवढेच विचारायचे, असा नियम केला. पहिल्या महिन्यात भांडणे झाली. पुढे मुले ओळ शेवटाकडून मागे वाचीत जाऊन पत्ती शोधू लागली.

सगळ्या मुलांना हे आवडले असे नाही. एका मुलाला कासव होणे कधीच रुचले नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेले ऐकायचेच नव्हते. त्याला आम्ही पत्त्या रंगवायला दिल्या. बालवर्गात असे चालते.

धोरणाविषयी पालकांच्या मनात गैरसमज आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणिती आणि संगणकीय विचाराला पायाभूत टप्प्यापासून महत्त्व दिले आहे, हे खरे. परंतु कोडिंगचे उपक्रम त्यात सहावीपासूनच्या टप्प्यात सांगितले आहेत. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या आराखड्यात खेळच मध्यवर्ती आहे, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने जो ‘जादुई पिटारा’ काढला त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके आहेत. इंग्लंडने २०१४ पासून पाचव्या वर्षापासून संगणन सक्तीचे केले, तेथेही आरंभ बहुतेक ठिकाणी जमिनीवर चालणाऱ्या खेळण्यानेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला फार तर एक तास सांगितली, कमी तितके बरे असेही म्हटले. तो तास आपल्या मुलांचा घरीच संपून जातो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय आता यंत्रे स्वतःच आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत. चार वर्षांच्या मुलाला आज शिकवलेल्या एखाद्या संगणकभाषेची चिन्हे ते मोठे होईपर्यंत कोणी हाताने लिहील की नाही, कोण जाणे. आपल्याला नेमके काय हवे ते क्रमाने, गाळ न ठेवता सांगता येणे मात्र त्याला लागेलच.

मंडळापुढील प्रस्तावाविषयी माझे मत मी लेखी दिले आहे, तेच येथे सांगते. टॅब घेऊ नयेत. त्या रकमेतून बालवर्गाच्या दुसऱ्या ताईंची जागा, जी तीन वर्षे रिकामी आहे, ती भरावी, आणि दोन्ही ताईंना माध्यमिक शिक्षकांच्या बैठकीत बरोबरीने बसवावे. एका ताईंना अठ्ठावीस मुले सांभाळून कासवाचा खेळ चालवता येत नाही, हे मी पाहिले आहे. पालकांसाठी महिन्यातून एक शनिवार ठेवावा, त्या दिवशी त्यांनी येऊन स्वतः कासव व्हावे. साधने म्हणाल तर पुठ्ठा, रंग, लाल दोरा आणि रांगोळी. मागच्या ओट्यावरच्या फरशा मी मोजल्या आहेत, आठ आडव्या आणि बारा उभ्या. त्यांतल्या चार उखडलेल्या आहेत, तेवढ्या पावसाळ्याआधी बसवून घ्याव्यात.